नवं बांधलेलं इंजिन टर्बोसाठी पुन्हा उघडलं, त्याची हकिकत

इंजिन बांधून झालं होतं, ब्लॉकला रंग मारला होता आणि ते स्टँडवर चढवून आमच्याकडे आलं. सोबत टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), मॅनिफोल्ड, इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) आणि नळ्यांचा खोका. मालकाचं म्हणणं साधं होतं: "दादा, इंजिन नवंच आहे. टर्बो लावायचा आणि गाडीत चढवायचं, एवढंच." गाडी उजव्या हाताच्या स्टिअरिंगची माझदा एमएक्स-५, १९९५ ची. इंजिन तिचंच बीपी मालिकेतलं: ८३ मि.मी. बोअर, ८५ मि.मी. स्ट्रोक, १८३९ सी.सी., बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह आणि मुळात ९:१ कॉम्प्रेशन.

बांधणी करणाऱ्या मिस्त्रीचं काम वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं. बोअर अर्धा मि.मी. ओव्हरसाइज केला होता, पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंग नवी, हेडला आणि ब्लॉकच्या माथ्याला फेसिंग (पृष्ठ सपाट घासणं), व्हॉल्व्ह घासून बसवलेले. सगळ्या कामाची मापं चिठ्ठीवर लिहिलेली होती, आणि हे फार कमी जण करतात. अडचण इतकीच की ती सगळी मापं साध्या इंजिनाची होती. टर्बोचा विषय निघाला तो इंजिन बंद झाल्यावर.

म्हणून पहिला प्रश्न: उघडायचं की तसंच चढवायचं?

लीकडाउन चांगलं आलं, तरी

मालकाने लीकडाउन चाचणी करून आणली होती. चारही सिलिंडरमधून हवा अगदी कमी गळत होती, आकडे एकमेकांच्या जवळ. त्याच्या मते एवढ्यावर विषय संपत होता. माझ्या मते तो इथे सुरू होत होता. लीकडाउनमधून रिंग भिंतीला टेकली आहे का, व्हॉल्व्ह बसतोय का, गॅस्केट धरतंय का हे समजतं. रिंगेच्या दोन टोकांमध्ये किती फट सोडली आहे, ती पुरेशी आहे का, हे त्यातून समजत नाही. उलट फट जितकी कमी, तितका थंड इंजिनावर लीकडाउनचा आकडा देखणा येतो.

चिठ्ठीवर वरच्या रिंगेची फट ०.२३ मि.मी. लिहिली होती. साध्या इंजिनाला हे माप ठीक आहे. टर्बोला का चालत नाही, याचा हिशोब मी मालकासमोर कागदावर मांडला. बोअर ८३.५ मि.मी., म्हणजे रिंगेचा घेर साधारण २६२ मि.मी. बीड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ११ दशलक्षांश एवढं वाढतं. रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंश सेल्सिअसने जास्त तापली तर तिचा घेर जवळजवळ ०.२९ मि.मी. वाढणार. वाढायला जागा एकच, ती टोकांमधली फट. ०.२३ ची फट ८० अंशांच्या फरकातच मिटते. पुढे रिंगेला जायला जागा उरत नाही, टोकं एकमेकांवर रेटली जातात, रिंग भिंतीत रुतते, आणि तिला वर धरणारी पिस्टनची कड, म्हणजे रिंग लँड, तुटून येते. टर्बो लावलेल्या इंजिनाचा पिस्टन असा तुटला की दोष ट्यूनिंगला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण तुटलेल्या रिंगेची टोकं चकचकीत घासलेली दिसली, तर ट्यूनरला बोल लावण्याआधी फट किती ठेवली होती ते विचारावं.

मालकाने कागद पाहिला, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "उघडा."

काय ठरलं होतं

पुढचे सगळे निर्णय एका आकड्यावर टांगलेले आहेत: बूस्ट, म्हणजे टर्बो देतो तो जादा दाब, ०.५ बार, त्याहून जास्त नाही. गाडी रोज रस्त्यावर चालणार, अधूनमधून ट्रॅकवर. मालकाला सुरुवातीला ०.८ हवा होता. या इंजिनावर टर्बो चालवणाऱ्यांचा अनुभव असा की पिस्टनच्या आधी मूळचा कनेक्टिंग रॉड हार मानतो, आणि त्याला वाकवतो तो कमी आरपीएमला एकदम उसळणारा टॉर्क. आकडा म्हणून पॉवर बघून उपयोग नाही. बूस्ट ३००० ला पूर्ण येतो की ४०००ला, यावर रॉडचं आयुष्य जास्त ठरतं.

मग फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेले, पिस्टन टाकायचे का? मालकाच्या डोक्यात ते होतं, कारण "टर्बो म्हणजे फोर्ज्ड" असं सगळीकडे ऐकू येतं. मी नको म्हटलं. रॉड मूळचे ठेवून पिस्टन फोर्ज्ड करणं म्हणजे साखळीतली दुसऱ्या क्रमांकाची कडी मजबूत करणं. शिवाय फोर्ज्ड पिस्टन आणले की बोअरचं कामही बदलतं. असे पिस्टन दोन ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे मिळतात. २६१८ मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसतं. तो चिवट असतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून भिंतीपासून जास्त अंतर मागतो आणि थंडीत खुळखुळतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के, तो कमी फुगतो, पण नॉकिंगचा (मिश्रण अवेळी आपोआप भडकण्याचा) मार तेवढा सोसत नाही. आमच्या ओतीव पिस्टनचं भिंतीपासूनचं अंतर बरोबर होतं, होनिंग (भिंतीची बारीक घासणी) ताजं होतं. ०.५ बारवर, नॉकिंग होऊ न देता, ओतीव पिस्टन टिकतात. नॉकिंग होऊ दिलं तर फोर्ज्डही फक्त थोडा जास्त वेळ काढतात.

रॉडचे बोल्ट बदलायचा विचारही सोडला. नवे, जास्त ताणाचे बोल्ट घातले की बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, भोक किंचित आकार बदलतं. ते पुन्हा मापात होनिंग केल्याशिवाय बोल्ट घालणं म्हणजे चांगलं बेअरिंग बिघडवणं. तेवढं करायचं तर रॉडच बदलावेत.

रिंगा

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. रस्त्यावरच्या टर्बो इंजिनाला वरच्या रिंगेची फट बोअरच्या सुमारे ०.००५ पट धरतात, म्हणजे ८३.५ वर ०.४२ मि.मी. दुसऱ्या रिंगेला थोडी जास्त, आम्ही ०.४६ धरली. दुसरी जास्त का, असं मालकाने विचारलं. वरच्या रिंगेतून निसटलेला गॅस दोन रिंगांच्या मध्ये साठून राहिला तर तो वरच्या रिंगेला खालून उचलतो. दुसऱ्या रिंगेच्या फटीतून त्याला खाली जायला वाट असली की वरची रिंग आपल्या खाचेत बसून राहते.

रिंग त्याच सिलिंडरमध्ये घालायची जिथे ती चालणार आहे. उलट्या पिस्टनने ती सरळ खाली ढकलायची, माथ्यापासून साधारण २५ मि.मी. खाली, आणि फीलर गेज घालायचा. रिंग तिरकी बसली तर माप खोटं येतं. कानस एकाच टोकावर चालवायची आणि बाहेरच्या घासणाऱ्या पृष्ठाकडून आतल्या बाजूला, उलट दिशेने ओढली तर बाहेरचा लेप टवका होऊन निघतो. थोडं घासायचं, मोजायचं, पुन्हा थोडं. जास्त गेलं तर ती रिंग गेली, धातू परत लावता येत नाही. शेवटी टोकांच्या कडा तेलाच्या दगडाने हलक्या मारून घ्यायच्या. नखाला कड लागली तर ती भिंतीलाही लागणार.

चौथ्या सिलिंडरची वरची रिंग मी ०.४४ पर्यंत नेली. कारण पुढे येतं.

बेअरिंग आणि पंप

क्रँकच्या मेन जर्नलचा व्यास साधारण ५० मि.मी., बिग एंडचा ४५. दर मि.मी. व्यासाला एक हजारांश मि.मी. तेलाची फट, हा जुना अंदाज: म्हणजे ०.०५ आणि ०.०४५. चिठ्ठीवरची मापं यापेक्षा थोडी घट्ट पण चालण्यासारखी होती. बोअर गेज आणि मायक्रोमीटरने आम्ही ती पुन्हा घेतली, जुळली, आणि बेअरिंग होती तशीच परत बसवली. प्रत्येक आकड्याशी छेडछाड करायची नसते.

तेलाच्या पंपाबाबत मात्र मी आग्रह धरला. या इंजिनात पंप थेट क्रँकच्या नाकावर बसतो आणि त्याचे मूळ गिअर धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले आहेत. जास्त आरपीएमला, विशेषतः रेव्ह लिमिटरवर आपटत राहिलं तर ते फुटल्याची उदाहरणं या इंजिनात पुष्कळ आहेत. आमची मर्यादा ६८०० ची होती, त्यामुळे कुणी म्हणेल हा खर्च वायफळ. पण पंप गेला की आता बेअरिंगसोबत टर्बोही जातो, आणि पंपापर्यंत पोहोचायला पुढची सगळी बाजू उतरवावी लागते. इंजिन उघडंच होतं. पोलादाचे गिअर घातले.

कॉम्प्रेशनचा खरा आकडा

"नऊला एक" हे कागदावरचं. बोअर वाढला, माथा घासला, हेड घासलं, प्रत्येक कामाने आकडा सरकतो. ब्युरेटमध्ये रंगीत द्रव घेऊन ज्वलनकक्ष भरून मोजले, पिस्टन वरच्या टोकाला माथ्यापासून किती खाली राहतो ते डायल गेजने पाहिलं. एका सिलिंडरचं विस्थापन आता ४६५.५ सी.सी. आणि वर उरणारी एकूण जागा ५६.१ सी.सी. उत्तर ९.३:१.

०.५ बारला ९.३ चालतो, पण ९.० असता तर ट्यूनरला जास्त मोकळीक मिळाली असती. मालकाने लगेच उपाय सुचवला: जाड हेड गॅस्केट. ९.० साठी साधारण ०.३८ मि.मी. जाडी वाढवावी लागली असती. मी ते टाळलं. पिस्टनचा सपाट काठ आणि हेड यांच्यातली फट आमच्याकडे १.०५ मि.मी. येत होती. पिस्टन वर येताना या अरुंद जागेतलं मिश्रण मध्यभागी फेकलं जातं, घुसळण होते, जळणं लवकर आटपतं. फट १.४ च्या पुढे गेली की काठाला मिश्रण रेंगाळतं आणि नॉकिंगला तेवढंच पुरतं. कॉम्प्रेशन पाव अंकाने उतरवून नॉकिंगचा धोका वाढवायचा, हा सौदा मला पटत नाही. जागा वाढवायचीच असेल तर पिस्टनच्या मधल्या वाटीत वाढवावी.

गॅस्केट बहुपदरी पोलादाचं घेतलं, १ मि.मी.चं. त्याला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, साधारण ०.८ मायक्रॉन खडबडीतपणापर्यंत. फेसिंगच्या खुणा नखाला लागत असतील तर ते धरत नाही. हेड पुन्हा एकदा हलकं घासून घेतलं, वरचा ९.३ चा हिशोब त्यानंतरचा आहे. हेडला स्टड वापरले. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचे, ताण द्यायचा तो वरच्या नटने, आणि टॉर्कचा आकडा वंगणाप्रमाणे बदलतो. तेलाचा आकडा स्टडच्या मलमावर वापरला तर ताण भलताच होतो.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा हिशोब मजेचा आहे, म्हणून देतो. इनटेक व्हॉल्व्हचं डोकं ३३ मि.मी., क्षेत्र साधारण ८.५ चौरस सें.मी. ०.५ बार मागून ढकलतो तेव्हा व्हॉल्व्हवर साडेचार किलोच्या आसपास जोर येतो आणि तो स्प्रिंगच्या विरुद्ध असतो. चांगल्या स्थितीतल्या मूळ स्प्रिंगला एवढं झेपतं. आम्ही सगळ्या तपासल्या, एकही दमलेली नव्हती. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक मात्र अरुंद कापलेली निघाली. त्या व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता बैठकीतूनच हेडमध्ये उतरते, म्हणून ती दीड मि.मी. पर्यंत रुंद करून घेतली.

चौथा सिलिंडर आणि पाण्याची वाट

बीपी मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आखलेलं, आडवं बसणारं इंजिन. पाणी पुढून, पंपापासून आत शिरायचं आणि हेडच्या मागच्या टोकातून बाहेर पडायचं. चारही सिलिंडर धुऊन. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं बसलं, मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) आली आणि थर्मोस्टॅटची वाट हेडच्या पुढच्या टोकाला गेली. आता पाणी पुढून शिरून पुढूनच निघतं. मागच्या बाजूला हीटरच्या नळीतून जाईल तेवढंच फिरतं. साध्या इंजिनाला हे पुरतं. टर्बोची उष्णता आली की चौथा सिलिंडर सगळ्यात गरम राहतो. त्याच्या वरच्या रिंगेला मी दोन शतांश जास्त फट दिली ती यामुळे.

फट देणं ही तात्पुरती समजूत. खरा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट पुन्हा हेडच्या मागे न्यायचा, पुढचं तोंड बंद करायचं आणि मागून रेडिएटरपर्यंत नळी आणायची. इंजिन गाडीत असताना हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे आणि थोडी कीवही. फायरवॉल आणि हेड यांच्यामध्ये पाना कसाबसा शिरतो, फिरवायला जागा नसते. इंजिन स्टँडवर असताना तेच काम चहा पिता पिता होतं. या कारणासाठीच मालकाला सांगितलं होतं की चढवण्याची घाई करू नको. जे काम फायरवॉलकडे तोंड करून आहे ते आधी उरकायचं.

तेल परत जाण्याची नळी

टर्बोला तेल पोहोचवणं सोपं, परत आणणं अवघड. आमचा टर्बो बॉल-बेअरिंगचा. त्याला तेल थोडंच लागतं, म्हणून आत जाणाऱ्या जोडात ०.९ मि.मी. भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवला. साध्या बुशिंगच्या टर्बोला असा रिस्ट्रिक्टर लावला तर तो उपाशी मरेल, तेव्हा डोळे मिटून नक्कल करू नये.

परतीच्या वाटेवर तेलाला ढकलणारं कुणी नसतं. बेअरिंगमधून बाहेर पडलेलं तेल फेसाळलेलं असतं आणि फक्त आपल्या वजनाने खाली येतं. नळी आतून किमान १२.७ मि.मी. हवी, उतार सलग हवा, मध्ये पोट सुटता कामा नये, आणि टर्बोचं तेल बाहेर पडण्याचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नको. सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) भोक तेलाच्या पातळीच्या वर. आम्ही सम्प काढून, क्रँकचे तेल उडवणारे फटकारे ज्या बाजूला थेट पडत नाहीत अशी जागा बघून भोक पाडलं, आटे पाडले, १६ मि.मी. चा जोड बसवला. सम्प इंजिनावर ठेवूनच, ग्रीस लावलेल्या टॅपने हे करणारे लोक आहेत. किस ग्रीसला चिकटतो म्हणे. जो चिकटत नाही तो थेट नव्या पंपाच्या तोंडी जातो.

टर्बोच्या शाफ्टवर असते ती पिस्टनच्या रिंगेसारखी रिंग. रबराचं ऑइल सील तिथे नसतं. परतीची वाट तुंबली किंवा क्रँककेसमध्ये दाब साचला की तेल त्या रिंगेपाशी चढतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. अशा वेळी कित्येक चांगले टर्बो "गेले" म्हणून बदलले जातात. म्हणून क्रँककेसच्या हवेची वाटही याच वेळी बघितली: इनटेककडे जाणाऱ्या वाटेत एकदिशा व्हॉल्व्ह, नाहीतर बूस्ट उलटा क्रँककेसमध्येच शिरणार, आणि दुसऱ्या वाटेला तेल अडवणारा डबा.

गाडीत चढवताना

आधी कोरडी बसवणी. मॅनिफोल्ड, टर्बो, डाउनपाइप (टर्बोतून खाली उतरणारा धुराचा पाइप) सगळं हलक्या नटांवर लावून इंजिन खाली सोडलं आणि बघितलं.   डाउनपाइप शेजारच्या भागांना जवळजवळ चिकटला. ढील म्हणून बोटभर जागा पुरत नाही, कारण इंजिन रबरावर हलतं आणि पाइप तापून वाढतो. डाउनपाइपचं पहिलं वळण कापून पुन्हा जोडावं लागलं. शेजारच्या नळ्यांना उष्णतारोधक पत्रा दिला. टर्बोचे दोन्ही कवच सैल करून मधला भाग असा फिरवला की तेलाचं तोंड वर आणि परतीचं थेट खाली आलं. डाउनपाइपला गिअरबॉक्सच्या बाजूने आधार दिला. त्याचं सगळं वजन मॅनिफोल्डवर लोंबत ठेवलं तर मॅनिफोल्डला तडा जातो आणि मग त्याला कमअस्सल ठरवलं जातं.

मागचं क्रँक सील, पायलट बेअरिंग, क्लच हे ठरलेलं काम. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र चढवले. दोन्ही सुटे असताना मधले डॉवेल जागेवर आहेत का ते बघून घेतलं, गिअरबॉक्स बोल्टने ओढून जुळवायचा नाही. या गाडीत गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम असते. ती बसवताना गिअरबॉक्स योग्य उंचीला धरला नाही, तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि मग गाडीची थरथर इंजिनाच्या नावावर लिहिली जाते.

डॅशबोर्डवरच्या तेलाच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. १९९५ पासूनच्या या गाड्यांत तो काटा खरा दाब दाखवत नाही. दाब एका पातळीच्या वर आहे की नाही एवढंच बघून मध्ये उभा राहतो. खरा सेन्सर आणि वेगळं मीटर लावलं.

हवा, पेट्रोल, ठिणगी

०.५ बार म्हणजे दाबाचं गुणोत्तर १.५. बाहेर ३० अंश असताना, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवा ८३ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलरने त्यातली ७० टक्के वाढ काढली की ती ४६ पर्यंत उतरते. इंटरकूलरशिवाय हवेची घनता १.२८ पट, इंटरकूलरसह १.४२ पट. मालकाला हा आकडा दाखवला, कारण इंटरकूलरसाठी पुढचा पत्रा कापायला तो कचरत होता.

६५०० आरपीएमला मिनिटाला सुमारे ९ किलो हवा. हवा-पेट्रोल गुणोत्तर ११.८ धरलं तर मिनिटाला लिटरभर पेट्रोल, म्हणजे दर इंजेक्टर २६० सी.सी. ८० टक्क्यांच्या वर इंजेक्टर उघडा ठेवायचा नाही, म्हणजे किमान ३२५ चा हवा. ४५० चे घेतले. मूळ संगणकाऐवजी मॅनिफोल्डचा दाब वाचणारा स्वतंत्र ईसीयू. प्लग एनजीकेचे, एक पायरी थंड: त्यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड, सहाच्या जागी सात. फट १.१ वरून ०.७ वर आणली, कारण दाट हवेतून ठिणगीला उडी मारणं जड जातं.

पहिली सुरुवात

इंजेक्टर आणि कॉइलचे जोड काढले, प्लग काढले, टर्बोची तेलाची नळी टर्बोपाशी सोडून बाटलीत धरली. स्टार्टर मारत राहिलो. मीटरवर दाब दिसला आणि बाटलीत तेल आलं, तेव्हा नळी जोडली, टर्बोच्या तोंडात आधीच तेल ओतलेलं होतं. मग सगळे जोड लावून इंजिन सुरू केलं.

नवं इंजिन वीस मिनिटं २००० च्या वर धरून ठेवायचं, हा नियम सपाट टॅपेटच्या जुन्या कॅमसाठी आहे. इथे रिंगा बसवायच्या होत्या आणि रिंगांना भार लागतो, नुसता आवाज नाही. पाणी आणि तेल गळत नाही एवढं बघितलं आणि गाडी रस्त्यावर काढली: मध्यम भाराने ओढायची, मग पाय काढून इंजिनाच्याच ब्रेकवर सोडायची. साधं मिनरल तेल. वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणारी) झडप तारेने उघडी बांधली होती. इथे एक घातक गैरसमज ऐकायला मिळतो, की इंजिन रुळेपर्यंत बूस्ट नको म्हणून ती झडप उघडणाऱ्या ॲक्च्युएटरची नळी काढून ठेवावी. नळी काढली की झडप उघडायला दाबच मिळत नाही आणि बूस्ट बेलगाम चढतो. अगदी उलट.

पहिलं तेल लवकर सोडलं, फिल्टर कापून घड्या उलगडल्या. बांधणीच्या मलमाची काळी बारीक झाक होती, चकाकणारे तुकडे नव्हते. मॅनिफोल्डचे नट दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळले आणि एक-दोन खरंच फिरले.

मग डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. बूस्टमध्ये प्रत्येक ०.०७ बारला साधारण एक अंश टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे, ही सुरुवात. तिथून ब्लॉकला लावलेल्या नॉक सेन्सरचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत एकेक अंश पुढे. ९.३ कॉम्प्रेशनमुळे मधल्या आरपीएमला टायमिंग अपेक्षेपेक्षा लवकर अडलं, वर मात्र मोकळं होतं. पूर्ण बूस्ट ३५०० च्या आधी येणार नाही अशी बांधणी ईसीयूत केली. मालकाला त्यामुळे खालची ओढ थोडी मऊ वाटते. रॉड मूळचे आहेत तोवर ती तशीच राहील.

रिंगा बसल्यावर लीकडाउन पुन्हा घेतलं. मालकाने आणलेल्या पहिल्या आकड्यांपेक्षा ते प्रत्येक सिलिंडरला थोडं जास्त आलं. ते पाहून त्याचा चेहरा पडला होता, म्हणून रिंगेचा तो कागद पुन्हा काढावा लागला. हेडच्या मागच्या टोकाला लावलेला तापमानाचा सेन्सर ट्रॅकवरच्या लांब फेऱ्यांतही पुढच्या टोकाच्या जवळपास राहतो. धूर नाही.

०.८ बारचा विषय मालकाने त्यानंतर पुन्हा काढला. रॉड आणि पिस्टन एकत्र बदलायचे, क्लच बदलायचा आणि हेड पुन्हा उतरवायचं, अशी यादी त्याला लिहून दिली आहे. वेस्टगेटची स्प्रिंग तूर्तास ०.५ चीच आहे, आणि ईसीयूत ०.६ ला पेट्रोल तोडणारी मर्यादा घालून तिचा पासवर्ड त्याने आपणहून आमच्याकडेच ठेवलाय.